लाल बटणाचा डबा

सभागृहातले दिवे मंद झाले आणि वहिनींना वाटलं, आपण पाण्याखाली बसलो आहोत. निळसर उजेड, लांबून आल्यासारखी कुजबुज, समोर भिंतभर फलक. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचा हा वर्षाचा बक्षीस-समारंभ. 'सर्वांत कमी तक्रारी' या बक्षिसाला मान मोठा आणि त्याची रीतही न्यारी: नाव पुकारेपर्यंत प्रत्येक कंपनीच्या तक्रारींचा आकडा फलकावर चालता राहायचा. वहिनींच्या कंपनीचा आकडा सगळ्यांत लहान. भल्याभल्यांच्या गर्दीत तो काजव्यासारखा लुकलुकत होता.

कंपनी त्यांची आणि त्यांच्या दिराची. तो खांबावर चढून तारा जोडायचा, त्या कचेरी बघायच्या. मोठ्या कंपन्यांची माणसं त्यांना 'दीर-भावजयीचं दुकान' म्हणून हिणवत. आज ती तोंडं बंद होणार होती. वहिनी वर्षभर याच संध्याकाळच्या आशेवर होत्या.

शेजारी त्यांची मावशी बसली होती. डोंगरामागच्या गल्लीत एकटीच राहायची. तिथे मोबाइललाही रेंज नव्हती.

"तुझा तो डबा गुणाचा आहे हो," मावशी म्हणाली. "नेट गेलं तरी माझं ऐकून घेतो बिचारा."

"नेट कधी गेलं?"

"झाले की महिने. अख्ख्या गल्लीचं गेलंय."

"मग मला सांगायचं नाही?"

"रोज सांगते की. बटण दाबते, दिवा लागतो, बोलते. म्हटलं, पोरगी कामात आहे, सवडीनं येईल."

घरोघरी दिलेल्या इंटरनेटच्या डब्यावर लाल बटण बसवायची कल्पना वहिनींचीच. दाबायचं, बोलायचं, की तक्रार मोजली जाऊन थेट कचेरीत आणि वहिनींच्या फोनवर. त्या नादात त्यांनी कचेरीतला फोनसुद्धा काढून टाकला होता. पण बोलणं जाणार त्याच तारेतून. ती तुटली तर ते डब्यातच अडकून पडेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी बाहेर येऊन फोनवरून दिराला मावशीच्या गल्लीकडे पिटाळलं. कोट घालून बसण्यापेक्षा खांब बरा म्हणून तो समारंभाला आलाच नव्हता. त्याचा फोन आला तेव्हा वहिनी पुन्हा त्या निळ्या उजेडात येऊन बसल्या होत्या.

"गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, वहिनी. इथवर रेंज आहे. उंदरानं तार कुरतडलीय, जोडायला वेळ नाही लागायचा. पण जोडली की साठलेलं सगळं धो धो येणार. बक्षीस हातात पडू दे, मग जोडतो. गल्ली एवढी थांबली, आणखी घटकाभर थांबेल."

वहिनी फलकाकडे बघत राहिल्या. त्यांचा आकडा कसा शांत, झोपल्यासारखा. घटकाभराचा तर प्रश्न.

"रोज बोलतेस तरी काय गं?" त्यांनी मावशीला विचारलं.

"बोलायला काय लागतं? मांजरीला पिल्लं झाली. गुडघा बरा आहे. परवा छातीत कळ आली, तेही सांगितलं."

"डब्याला?"

"तुलाच. डबा कशाला?"

वहिनींनी फोन कानाला लावला. "भाऊजी, जोडा."

"आत्ता?"

"आत्ताच."

काजवा एकदा थरथरला आणि उधळला. आकडा वाढत, फुगत, सगळ्या कंपन्यांना मागे टाकत फलकाच्या टोकाला गेला. लोक माना वळवून बघू लागले, कुणी खिदळलं. फोनवर एकामागून एक तक्रारी वाजू लागल्या आणि वहिनींच्या कानात मात्र गल्ली उघडली. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचं नुसतंच खोकणं, कुणी डब्याला ऐकवलेलं अर्धं गाणं, आणि मधूनमधून मावशी: कपडे वाळले गं, आज ऊन छान आहे, जरा कळ आली, बसते.

व्यासपीठावर दुसऱ्याच कंपनीचं नाव पुकारलं गेलं. सभागृह टाळ्यांनी भरलं. वहिनींचा हात मावशीच्या मनगटावर होता.

"चल, ऊठ. आधी डॉक्टरकडे."

"अगं, पण तुझं बक्षीस?"

"दिलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "सावकाश ये, इथे पायरी आहे."