शून्य लांबीच्या रेघेचे म्हणणे

मी एक जुनी रेघ आहे आणि माझी लांबी शून्य आहे. हसायचे असेल तर आताच हसून घ्या, मित्रांनो.

संगणकातल्या चित्रात रेघ म्हणजे एक सूचना असते : पेन इथे टेकव, तिथपर्यंत ने. माझ्या सूचनेत 'इथे' आणि 'तिथे' एकच आहे. पण मला चौकोनी टोके दिलेली आहेत. असे टोक रेघेच्या शेवटापुढे, तिच्या जाडीच्या निम्मे सरकते. माझी दोन्ही टोके पाठीला पाठ लावून विरुद्ध बाजूंना सरकतात आणि एक नेटका चौकोन तयार होतो.

पण जिला लांबीच नाही, तिची दिशा कोणती? चित्रांचे नियम लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला. शेवटी त्यांनी लिहून टाकले की, शेजारी जोडलेली रेघ नसेल तर अशा रेघेचे तोंड उजवीकडे आहे असे माना. तेव्हापासून मी कुठेही न जाता उजवीकडे बघते. कायद्याने बघते.

मला एका ताईने काढले. ती आणि तिचा धाकटा भाऊ दोन खोल्यांच्या कार्यशाळेत अंधांसाठी नकाशे बनवतात. त्यांवरच्या खुणा उंचवट्यांच्या असतात. चौकोन म्हणजे पायऱ्या, लांबट उंचवटा म्हणजे उतार. प्रत्येक नमुना त्यांची आई बोटांनी तपासते, कारण तिची दृष्टी गेलेली आहे. वाचनालयाच्या नकाशात सभागृहाच्या दारापुढच्या दोन पायऱ्या दाखवणे, हे माझे काम. आई पहिल्यांदा म्हणाली होती, "हा चौकोन बोटाशी स्पष्ट बोलतो." त्या शाबासकीवर मी सहा वर्षे काढली.

मग वाचनालयाने धातूचा नवा फलक मागितला. तो वेगळ्या भिंतीवर लागणार होता, म्हणून सगळा नकाशा थोडा तिरका फिरवावा लागला. भावाने फाईलही साफ केली.

"ताई, एकेचाळीस रेघा उडवल्या. सगळ्यांची लांबी शून्य. फाईल बघ कशी हलकी झाली."

त्या एकेचाळिसांत मी होते. फाईलच्या जुन्या प्रतीत तेवढी मी शिल्लक राहिले. मला कुणी विचारलेसुद्धा नाही.

फलक दुसऱ्या दिवशी ओतला जाणार होता. आईने प्लास्टिकच्या नमुन्यावर बोट फिरवले आणि सभागृहाशी थांबली.

"पायऱ्या कुठे गेल्या?"

"कुठल्या गं?" भावाने विचारले.

"जिथे तुझे बाबा नवी चप्पल मिरवताना आपटले होते, त्या. डोळस माणूस आपटतो तिथे. मी या नकाशाच्या भरवशावर गेले तर मला टोपलीत भरून आणाल."

भावाने जुनी प्रत उघडली. मला पाहून तो ओशाळला. "हिला थोडी लांबी देऊन टाकतो. मग परत कुणी उडवणार नाही."

"लांबी दिलीस की ती उतार होईल," ताई म्हणाली. "उतार समजून कुणी पाय टाकला तर? आहे तशीच आण."

मी परत आले, पण नकाशातली वाट आता तिरकी होती आणि माझे तोंड उजवीकडेच. आईने ताज्या नमुन्यावर बोट लावले. "हिचा कोपरा भिंतीत घुसलाय."

"वळव ना मग तिला," भाऊ म्हणाला.

"लांबीच नाही, धरू काय आणि वळवू काय?" ताईने माझ्याखालची मोजपट्टीची चौकटच, जिच्यावरून माझे उजवे-डावे ठरते ती, वाटेइतकी तिरकी फिरवली. मी वाटेत नीट बसले. मित्रांनो, लक्षात घ्या, वळले ते माझे जग. माझी उजवी बाजू माझ्यापाशीच राहिली.

पुढच्या नमुन्यावर आईचे बोट पुन्हा आले आणि थबकले. "बसली बघा, वाट अडवून."

"मग हिला पुढे फलकात जाऊ देऊ?" भावाने विचारले.

"आता जाऊ दे. बाकीच्या चाळीसही आण, आणि नवा नमुना काढ. तोही मी तपासणार."

मित्रांनो, सफाई जरूर करा. पण मोजमापात शून्य दिसले म्हणून कुणाला पुसण्याआधी तिथे एकदा बोट फिरवून बघा. दया नको मला. वाचनालयाच्या भिंतीवर मी आता धातूत आहे. या, दाबून बघा, हलते का ते.

लांबी शून्य. उंची दीड मिलिमीटर.