तेतच्या गर्दीत मला जाळलं

हे मी सांगणारच नव्हतो, मित्रांनो. राग आला की माझ्या तोंडातून शब्दांपेक्षा धूळच जास्त निघते. पण गप्प बसलो की मोटर अजून तापते. म्हणून सांगतो.

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. पिंपासारखं पोट, लांब सोंड, ओलं-सुकं दोन्ही ओढतो. कारखान्याचं काही आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं कान थो शहरात, थोआताईच्या स्कूटरवर. पुढे ताई, मागे न्यानमावशी, मध्ये मी. एवढाच आमचा साफसफाईचा धंदा. एक दातांचा दवाखाना, एक बालवाडी आणि थोडी घरं. काम झालं की मावशी आधी माझी गाळणी धुवायची, मग स्वतःचे हातपाय. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, मशीन जुनं आहे पण कोपरा सोडत नाही. ते ऐकून मी अजून जोरात घुमायचो.

धंदा कधी वाढवायचा हे ताईनंच ठरवलेलं. सातवा महिना भुतांचा. त्यात आमच्याकडे कुणी लग्न काढत नाही, नवं घर घेत नाही. अशा मरगळलेल्या महिन्यातही दोघींना काम उरकेनासं झालं, तरच तिसरी बाई ठेवायची. तिचेच शब्द.

मग तेत आलं, आमचं नवं वर्ष. चूलदेव तेतच्या आधी घराचा हिशोब सांगायला स्वर्गात जातो, त्याच्या आत प्रत्येकाला घर लख्ख हवं. फोन थांबेना. ताईचा भाऊ क्वोक कलिंगडाच्या बिया फोडत खुर्चीत बसला होता.

"लोक रांगेत उभे आहेत आणि तू एक म्हातारी नि एक डबडं घेऊन बसलीस. अशानं जन्मभर स्कूटरच हाकशील, ताई."

डबडं म्हणजे मी.

मावशी म्हणाली, "तेतला माझा नवरापण झाडू उचलतो गं. म्हणून काय तो कामसू झाला?"

ताई हसली नाही. तिला सगळं कळत होतं, माझा राग त्याचाच आहे. भावासमोर लहान व्हायचं नव्हतं, बस. तिनं गाळा घेतला, पाटी लावली, खेड्यातून चार पोरी आणल्या. बालवाडीला आणि दवाखान्याला सांगितलं, आता तेत झाल्यावर येतो. ज्यांनी वर्षभर पोसलं त्यांनाच!

मला मावशीकडून काढून पोरींकडे दिलं. पोरी वाईट नव्हत्या. त्यांना कुणी शिकवलंच नाही. नव्या इमारतीत त्यांनी ओलं सिमेंट माझ्या घशात ओढलं. गाळणी तुंबली, मी ओरडलो, कुणाला कळलं नाही. धूर निघाला तेव्हा मला जिन्यात टाकून पुढच्या घरी गेल्या. वाट बघणारं गिऱ्हाईक होतं ना. रात्री मावशीनंच मला उचलून गाळ्यात आणलं.

तेत उजाडलं. पहिले काही दिवस आमच्याकडे कुणी केर काढत नाही, घरातलं नशीब झाडून जाईल म्हणून. आणि त्यानंतर तरी कोण बोलावणार? घरं चकचकीतच होती. पोरी गाळ्यात बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. बालवाडीनं आणि दवाखान्यानं तोवर दुसरी माणसं लावलेली.

क्वोक म्हणाला, "म्हातारीला काढ. पोरी तरुण आहेत."

मावशी भाताचा डबा झाकत होती. ती म्हणाली, "काढायचं तर तू सांग, थोआ. भावाच्या तोंडून नको."

ताई उठली, पण मावशीला काढायला नाही. पाटी उतरली. पोरी परत गावी गेल्या. त्यांनी तरी कुणाचं काय बिघडवलं होतं? ताई बालवाडीत जाऊन मान खाली घालून उभी राहिली, तेव्हा शनिवारचं तेवढं काम मिळालं. आणि मावशी मला रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. मोटर बाहेर निघाली तेव्हा शेजारी बसून राहिली.

मित्रांनो, वाढा की. कोण नको म्हणतंय? पण जी माणसं आणि जी यंत्रं तुम्हाला इथवर घेऊन आली, त्यांना जाळून वाढू नका.

पुन्हा तेत जवळ आलंय. पुन्हा पोरी आण म्हणून सकाळपासून क्वोक ताईच्या कानाशी लागलाय. ताई अजून हो म्हणाली नाही, नाहीपण म्हणाली नाही. मावशी दारात माझी गाळणी उन्हात फिरवतेय.

न्यानमावशी, माझी मैत्रीण तू. तुला शब्द देतो. या वेळी मला तुझ्या हातातून काढून दुसऱ्या कुणाला दिलं, तर दाबू देत बटण दिवसभर. मी चालू होणार नाही.