हवेतली चौदा दारं

केशरी पावलांनी पहाट डोंगर उतरत होती. आधी माथा उजळला, मग ऑलिव्हच्या रुपेरी रांगा, मग वळणावळणांचा पांढुरका रस्ता. आणि रस्त्याच्या शेवटी, सगळ्यांत उशिरा उजळला तो सैनिकांचा नाका. सिमेंटचे ठोकळे, लोखंडी अडसर, बुरुजात बंदुकीची काळी नळी.

नाक्यापलीकडे झातर फुलला होता. तेलात कालवून भाकरीशी खातात तोच ओव्याच्या वासाचा पाला, पण फुलला की काय रूप त्याचं. जांभळा, गंधमत्त, मधुभारनम्र, उताराउतारावर सांडलेला.

त्याच्याच ओढीने नजाहआत्याचा ट्रक दरीतून निघाला होता. मागे चौदा निळ्या मधपेट्या. दरीतल्या संत्र्यांचा बहर सरला, तेव्हा आदल्या संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आत्याने प्रत्येक पेटीच्या दारात चिंधीचा बोळा बसवला होता. ऊन तापायच्या आत डोंगर गाठायचा, बोळे काढायचे. अर्ध्या तासाची तर वाट. शेजारी पंधरा वर्षांची भाची सिवार, शाळेला खुशाल दांडी मारून आलेली.

पण नाका बंद होता. का, ते कुणी सांगितलं नाही. कधी उघडणार, तेही नाही.

रांग लांबत गेली, सावल्या आखडत गेल्या. मागच्या टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढून आत्याला आदराची हाक देत विचारलं, “हज्जा, माश्यांची ओळखपत्रं आणलीत ना?”

“राणीचं आणलंय,” आत्या म्हणाली. “बाकीच्या तिच्या नावावर.”

रांगेत हसू पिकलं. इतकंसं, ओंजळभर. उन्हाने तेही लगेच टिपून घेतलं.

आठ वाजले. नऊ. सूर्य तांब्याचा, मग पितळेचा, मग नुसता विस्तव. सिवारने पेटीला कान लावला. पहाटे आत मंद्र गुंजारव होता, तानपुऱ्यासारखा भरलेला. आता तो चढला होता, तीव्र, थरथरता, हजार पंखांनी वारा घालणारा. बंद पेटीत वारा कुठून यायचा? तिने प्यायचं पाणी पेट्यांवरच्या गोणपाटावर ओतलं. त्याची वाफ झाली.

“अम्मती, बोळे काढू या ना.” आत्याला ती अम्मती म्हणे.

आत्याने नकारार्थी मान हलवली. तिशीपासून ती माश्या पाळत होती, तिला ठाऊक होतं. पेटीचं दार जिथे उघडेल, ती जागा माशी मनात कोरून घेते. बाहेर पडते, घिरट्या घालते, खूण बांधते, आणि मग कितीही दूर गेली तरी तिथेच परतते. तिथेच.

“इथे दार उघडलं तर हेच त्यांचं घर होईल,” आत्या म्हणाली. “इथे कुणी घर करतं का, बाई?”

दहा. साडेदहा. आणि मग कडेच्या पेटीतला सूर उतरू लागला. उतरला, तुटला, थांबला. त्या निळ्या पेटीला सिवारने पुन्हा कान लावला. आत काहीच नव्हतं. नुसता मेणाचा वितळता वास.

सिवारने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळे मिटले, आणि मान डोलावली.

एकेक बोळा निघाला. मुक्या पेटीतून कुणीच आलं नाही. उरलेल्या तेरांतून मात्र सोनं उसळलं. सुवर्णकणांचे लोट, सुवर्णकणांचे भोवरे, अडसरावरून, ठोकळ्यांवरून, बंदुकीच्या नळीवरून, पलीकडे. सैनिक तोंड झाकून मागे सरकले. कुणी कागद मागितला नाही. कुणी थांब म्हटलं नाही. सिवारला वाटलं, आपणच उडतोय. जांभळ्या झातरावर आपलीच सावली पडतेय.

आणि नेमका तेव्हाच अडसर वर गेला.

चला, चला, असा हात हलला. मागे भोंगे वाजू लागले. आत्या उतरून सैनिकापाशी गेली; सांज होईतो कडेला उभं राहू द्या, सगळ्या परततील, मग जाऊ, असं हात जोडल्यागत सांगू लागली. सैनिकाने पुन्हा हात हलवला. सकाळपासून जायची परवानगी नव्हती. आता थांबायची नव्हती.

आत्याने बोळे परत बसवले. आत राण्या होत्या, पिल्लं होती, उडू न शकलेल्या कोवळ्या माश्या होत्या. तेवढं वाचलं होतं. ट्रक हलला.

सिवार मागे वळून बसली. डोंगरावरून पहिली माशी परतत होती, पायांशी झातराचा पराग, पोट मधाने जड. मग दुसरी. मग शंभर. रस्त्यावर, जिथे पेट्या होत्या त्याच उंचीवर, त्याच जागी, त्या थबकल्या, तरंगल्या, फिरल्या. खाली गाड्या सरकत राहिल्या. वर त्या ओझं घेऊन रिकाम्या हवेत दार शोधत राहिल्या, दार शोधत राहिल्या, दार.