पोहणारी मर

१९९६ सालच्या भादव्यात कन्हेरीतल्या सारजाबाईंच्या पानमळ्यातल्या वेली माना टाकायला लागल्या. वेलीचा बुडखा काळा पडायचा, कुजायचा, आणि आठवड्यात अख्खी वेल वाळून जायची. बुरशीचं औषध दोनदा ओतलं, तरी मर थांबेना.

शेजारची साखरबाई म्हणाली, "सून इटाळात मळ्यात शिरली आसंल."

सारजाबाईंनी सुनेला, मनिषाला, विचारलंसुद्धा नाही. "आता मळ्यात पाय टाकू नगंस," एवढंच बोलल्या.

 पण दोन दिवसांनी मनिषानं एक कुजका बुडखा मातीसकट पिशवीत घातला आणि एसटीनं बारामती गाठली. तिची शाळेतली मैत्रीण प्रियदर्शनी तिथं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. चार दिवसांनी तिचा निरोप आला, सासूबाईंनाच घेऊन ये.

सारजाबाई कुरकुरतच गेल्या. प्रियदर्शनीनं तो बुडखा भिजवलेल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शक जुळवला. "मावशी, एक डोळा मिटून बघा."

आधी नुसताच उजेड दिसला. मग लिंबाच्या आकाराच्या एका पिशवीचं तोंड उघडलं आणि आतून बारीक ठिपके निघून सैरावैरा धावायला लागले.

"अगं बया! हे तर जित्तं हाय. पवतंय!"

"दोन-दोन शेपट्या असतात त्यांना. दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या कुळातली ही नव्हेच, शेवाळाच्या जवळची. जुन्या पुस्तकांत बुरशीतच धरलीय, आता वेगळी काढायला लागलेत. म्हणून तुमचं औषध लागू पडलं नाही. पाटाच्या पाण्यातून ही या वेलीकडून त्या वेलीकडं पोहत जाते."

सारजाबाईंनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग हळूच विचारलं, "मंजी इटाळाचा काय संबंध न्हाय?"

"काहीच नाही."

परतीच्या एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. फाटा जवळ आला तसा त्यांनी मनिषाचा हात धरला. "तुला इचारलंसुदीक न्हाय मी. चुकलं माजं."

"आठ दिस घास गोड लागला न्हाय, आत्या," मनिषा म्हणाली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं सांगितल्याप्रमाणं दोघींनी रोगट वेली उपटून जाळल्या, त्या वाफ्यांचं पाणी तोडलं, उरलेल्या वेलींच्या बुडाशी मोरचूद-चुन्याचं मिश्रण ओतलं. निम्मा मळा गेला तो गेलाच. निम्मा तगला.

साखरबाई बांधावर आली. "सुनंला आत घेतलीस व्हय?"

"घेतली. मर पाण्यातनं येती, साखरबाई. आन् तुज्या मळ्याला पानी आमच्याच पाटाचं हाय. ये आत, काय करायचं ते मनिषा दावंल तुला."