आमची आई

भाचीचं लग्न झालं त्या वर्षी, तिचे कपडे शिवून हातावेगळे केल्यावर आठवडाभरातच, टेलरबाई डॉक्टरीणबाईंसमोर आपल्या ब्लाउजची बटणं सोडत बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर बेकरीवाली होती. एका घरात राहून दोघींचे केस पिकले होते. पण दवाखान्यात सख्खी बहीण म्हणून सांगायचं, हे येतानाच ठरलं होतं. नाहीतर आत कोण सोडतंय?

"घरात आणखी कुणाला छातीत अशी गाठ झाली होती? आईला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या आईला?" बेकरीवाली पटकन बोलून गेली. "छे! ठणठणीत आहे. अजून मलाच दमात घेते."

टेलरबाईंनी मान खाली घातली. त्यांची आई याच गाठीनं गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. मग बेकरीवालीला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

झालं, ओळखलं हिनं. पडद्यापाशी नर्स उगाच घुटमळत होती. टेलरबाईंनी ब्लाउज पुन्हा छातीशी आवळला.

"हिलाही जाऊ दे."

नर्स गेली.

"तुमची आई हयात आहे?"

"कशाला हव्यात या चौकशा?"

"पुढचे उपचार त्यावर ठरतात, बाई."

"आणि मग गावभर करायला ती नर्स आहेच."

"इथलं बोलणं इथंच राहील."

"सगळे असंच म्हणतात."

बाहेर बेकरीवालीच्या चपला येरझाऱ्या घालत होत्या.

"आई गाठीनंच गेली," टेलरबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मावशीपण. ती बाहेर आहे ना, ती माझी बहीण नाही. संसार आहे आमचा."

आता ही ओठ मुडपेल, म्हणून त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या.

"मावशीचं वय काय होतं तेव्हा?"

ऑपरेशन झालं, निभावलं. पण पुढंही तपासणीला गेल्या की टेलरबाई नर्सच्या चेहऱ्यावर कुत्सित हसू शोधायच्या. डॉक्टरीणबाईंनी "घरच्या कशा आहेत?" असं विचारलं, की "बऱ्या आहेत," एवढंच तोडून सांगायच्या आणि उठायच्या.

ऑपरेशननंतर सातव्या वर्षी, थंडीत, बेकरीवाली झोपेतच गेली. सगळी गल्ली भेटायला तिच्या भावाकडे गेली. टेलरबाईंच्या दारी एकट्या डॉक्टरीणबाई आल्या.