डबा तिचा, मोटर त्याची

मी एक जुना लोखंडी कूलर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक मला बघवत नाही.

नांदेडच्या एका पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. लोह्याच्या हणमंतरावांनी लेकीला आंदण द्यायला मला मुद्दाम जाड पत्र्याचा करवून घेतलं. अंगावर पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं, ‘चि. सौ. कां. वर्षाराणी हिस वडिलांकडून सप्रेम भेट’. मांडवात पाहुणे मला हात लावून बघत होते. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

पण नांदेडातच सासरी आलो आणि शेजारी फ्रीज भेटला. तो वर्षाराणीच्या नवऱ्याने, आदिनाथने, स्वतः हौसेने आणलेला. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, माझ्या डोक्यावर उन्हाळा सरला की गोणपाट. त्याला बाराही महिने मान. घरातलं माणूस येता-जाता त्याचंच दार उघडायचं आणि मी कोपऱ्यात चरफडायचो. एक सुख मात्र त्याला जन्मात मिळालं नाही. वर्षाराणीची लेक राजकन्या आणि तिचा धाकटा भाऊ अंगद दुपारी एकाच सतरंजीवर माझ्यापुढे झोपायचे. ती आधी त्याला वाऱ्यात सरकवायची, मग स्वतः लवंडायची. तेवढा वेळ मी फ्रीजला विसरायचो.

पुढे नवरा-बायकोचं पटेनासं झालं. आदिनाथची लातूरला बदली झाली, तो तिकडेच राहू लागला आणि शेवटी दोघांनी समजुतीने फारकत घ्यायचं ठरवलं. दोघांच्या नावावरचं घर विकून निम्मं-निम्मं, माहेरचं सोनं तिचं. राहिलं सामान. त्यासाठी हणमंतराव लोह्याहून आले आणि आदिनाथची थोरली बहीण रुक्मिणबाई हदगावहून आली. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत, त्यामुळे वाटणी झटपट होत गेली. तिचं नाव असलेलं तिचं, बाकीचं त्याचं. फ्रीज आदिनाथकडे गेला, कुणी चकार शब्द काढला नाही.

गाडी अडली ती माझ्यापाशी.

“नाव वाचा की जावईबापू,” हणमंतराव म्हणाले. “कूलर माझ्या लेकीचा हाय.”

“डबा तुमचा हाय, मामा. मोटर जळाली तवा नवी म्या बसवली.”

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझ्यासाठी भांडण! मी फ्रीजकडे ऐटीत बघितलं. तेवढ्यात आदिनाथने माझी मागची जाळी काढली, पान्याने मोटर सोडवली आणि आपल्या सामानात ठेवली. माझी सगळी ऐट उतरली.

“आता कसं बरोबर झालं,” रुक्मिणबाई म्हणाल्या. “लेकरायचं बी असंच करा. पोरगं बापाकडं, पोरगी आईकडं.”

कुणीच नाही म्हणेना. आदिनाथने तर मान डोलावली. अंगदने राजकन्येचा फ्रॉक मुठीत धरला आणि म्हणाला, “ताई, तू बी चल की माझ्यासंगं.”

वर्षाराणी उठली. तिने मोटर उचलून आदिनाथपुढे ठेवली.

“बसवा माघारी. कूलर अख्खा घेऊन जा. माझी भांडी बी न्या, नावं खोडून टाका. पण ही दोघं एका घरात राहतील. माझ्यापाशी नसंल जमत तर तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, पण दोघं बी.”

“बाई, काय बोलून राहिलीस तू?” हणमंतराव घाबरून म्हणाले.

आदिनाथने पाना उचलला आणि लेकरांकडे बघितलं. अंगदची मूठ काही सुटेना. मग आदिनाथ हळूच म्हणाला, “शाळा हितं हाय त्यांची. तुझ्यापाशीच राहू दे. सुट्टीत दोघंजण माझ्याकडं येतील.” आणि त्याने माझी मोटर बसवून दिली.

“कूलर तरी न्या,” वर्षाराणी म्हणाली. “सुट्टीत लेकरायला लागंल.”

असा मी लातूरला आलो. इथे नळाला पाणी रोज येत नाही. उकाडा वाढला तरी आदिनाथ मला कोरडाच ठेवतो. स्वतः ओला पंचा अंगावर घेऊन पडतो आणि बॅरल लेकरांसाठी भरून राखतो. सुट्टी लागली की दोघं येतात, तेव्हा कुठे माझ्या पोटात पाणी पडतं.

तिकडे नांदेडला वर्षाराणीने प्लास्टिकचा कूलर घेतला आहे. पाडवा झाला की माझी पोरं त्याच्यापुढे झोपतात. हे आठवलं की कोरड्या पोटातही माझा जळफळाट होतो.

तरी मित्रांनो, एवढं ऐका. घरात वाटणीची वेळ आली तर डबे, फ्रीज, घर खुशाल वाटून घ्या. माझी मोटर पान्याने पुन्हा बसली. भावाला बहिणीपासून सोडवाल, तर परत बसवायला पाना कुठून आणाल?

आणि कधी नांदेडला गेलात, तर त्या प्लास्टिकवाल्याला माझा निरोप द्या. म्हणावं, दुपारी पोरांवर नीट वारा सोड. मला त्याचं तोंडही बघायचं नाही, पण सुट्टी लागेपर्यंत दोघं त्याच्याच भरवशावर आहेत.