कड साफ आहे

मी मेणाचा एक ठोकळा बोलतोय. बोटाच्या पेराएवढा. माझ्या पोटात एका माणसाच्या जिभेचा बारीकसा तुकडा आहे, आणि तोच मला खातो.

तो माणूस गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. "अहो, क्लच! क्लच सोडा हळू! गाडी नाही घाबरत, तुम्हीच घाबरताय!" आणि मधूनमधून सिगारेट. जिभेच्या कडेला गाठ आली, डॉक्टरांनी ती कापून काढली. रोग उरला तर नाही ना, हे बघायला गाठीभोवतीची चांगली दिसणारी कडही थोडी काढली. ती कड म्हणजे मी. लॅबमध्ये मला मेणात बसवलं, माझा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रिपोर्टात लिहिलं, "कड साफ आहे."

दिसायला मी साफच होतो. पण प्रत्येक पेशीत एक राखणदार जनुक असतं. पेशी बिघडली की तिची वाढ थांबवायची, हे त्याचं काम. माझ्यातलं ते जनुक धुराने कधीच मोडलं होतं. पेशींचं रूप अजून पालटलं नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. जनुक तपासायची सोय तेव्हा तिथे नव्हती. माझ्या शेजारची, तशीच बिघडलेली पट्टी मास्तरांच्या तोंडात राहिली. मला सगळं ठाऊक होतं आणि मी मूग गिळून कपाटात बसलो. मेणाला कुठलं आलंय तोंड!

चार वर्षांनी कपाट उघडलं. गाठ परत आली होती. जनुकं तपासणाऱ्या लॅबमध्ये न्यायला मला मास्तरांच्या बायकोच्या हवाली केलं. तिच्या पर्समध्ये मला तो रिपोर्ट भेटला. चक्क लॅमिनेट केलेला!

त्या लॅबबाहेरच्या बाकावर ती सोबत आलेल्या बहिणीला सांगत होती, "हा कागद कायम यांच्या खिशात. वर्षभर तपासणीला गेले, मग म्हणाले, साफ आहे ना, मग कशाला हेलपाटे? जिभेला जखम झाली तेव्हा मी म्हटलं, चला दाखवू. तर हाच कागद माझ्या नाकासमोर नाचवला. 'वाच, काय लिहिलंय?' पाच महिने गं, पाच महिने असे घालवले!"

ते पाच महिने माझ्या भरवशावर गेले. वितळून जावंसं वाटलं मला.

तपासणीत माझ्यातलं जनुक आणि नव्या गाठीतलं जनुक एकाच जागी मोडलेलं निघालं. डॉक्टर हळूच म्हणाले, "तेव्हा जे दिसलं तेच लिहिलं होतं, ताई. म्हणून तर तपासणीच्या तारखा देतो आम्ही."

मास्तरांची अर्धी जीभ गेली. आता कपाटात माझ्या शेजारी नवा ठोकळा आलाय. त्याचाही रिपोर्ट "कड साफ." मला परत करायला दोघं आली तेव्हा बायकोने विचारलं, "हाही लॅमिनेट करायचा का हो?" मास्तरांनी नकारार्थी मान हलवली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षभराच्या तारखा लिहून घेतल्या.

तुमच्यापैकी कुणाच्या खिशात असा कागद असेल, तर हात जोडून सांगतो, तो तिथेच राहू द्या, पण तारखेला या. मला माफ नाही केलंत तरी चालेल.

आज मास्तरांची पहिली तारीख. सकाळपासून मी कपाटात कान लावून बसलोय. बाहेर रांगेत गलका आहे, खुर्च्या सरकतायत. आणि आत्ताच एक बोबडा, जड आवाज आला, "अओ, फुडे शरका की! क्लच शोडा, क्लच!"